विद्यानगरचं कोरल हत्याकांड

टक्.

दुपारचे अडीच वाजले होते. दीपश्री कशीबशी झोपली होती, कुकर थंडावला होता, विद्यानगरात पानही हलत नव्हतं. आणि नेमकं तेव्हाच हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत गुंडप्पा माशानं तोंडात धरलेला दगड काचेवर आपटला.

अश्विनीनं श्वास रोखला. पाच वर्षांच्या पोरीनं नुसती कूस बदलली. पलीकडच्या खोलीतून मोठे दीर विनायकराव मात्र धोतर सावरत धावत आले.

"ऐकलंस? पुरावा नष्ट करतोय!"

विनायकरावांबद्दल विनायकरावांचं मत असं होतं की भारतात खरी निरीक्षणशक्ती असलेली माणसं दोनच. दुसऱ्याचं नाव ते सांगत नसत, त्याचा शोध अजून चालू होता. दाजीबानपेठेतलं साड्यांचं दुकान हा त्यांच्या मते नुसता वेष. "बाई पायरी चढली की मी ओळखतो, घेणार की नुसती उलगडून बघणार," असं ते सांगत. त्यांच्या दुकानात सगळ्याच बायका नुसत्या उलगडून बघत, त्यामुळे अंदाज कधी चुकत नसे. दुकानातून गेलेली छत्री त्यांनी अकरा दिवसांच्या तपासानंतर हुडकून काढली होती. अकराही दिवस ती त्यांच्याच स्कूटरला लटकत होती, ही तपशिलाची बाब.

सध्याचं प्रकरण मोठं होतं. अश्विनीच्या नवऱ्यानं, श्रीकांतनं, ही टाकी हौसेनं बेंगळुरूहून आणली. तळाशी जांभळी, मऊ, फुलांसारखी उघडमीट करणारी पाच जिवंत कोरलं, आणि पंज्याएवढा एक ट्रिगर मासा. हा मासा दांडगा आहे, कोरलांबरोबर नांदेलच असं नाही, असं दुकानदारानं बजावलं होतं. पण दीपश्रीनं दुकानातच त्याचं नाव गुंडप्पा ठेवून टाकलं. नाव ठेवलेलं माणूस परत कसं द्यायचं? पुढे श्रीकांतची बदली बळ्ळारीला झाली आणि टाकीचा कारभार विनायकरावांनी, कुणी सांगितलं नसताना, हाती घेतला. तीन आठवड्यांत तीन कोरलं आखडून, करपून मेली.

पहिला संशय शेजारच्या शेषगिरींवर गेला. "त्यांच्या मुलीला मंगळ आहे. मंगळाच्या अंगठीत काय लागतं? पोवळं! कोरल म्हणजे काय? पोवळं!" शेषगिरींना चहाला बोलावून विनायकरावांनी अर्धा तास त्यांच्या बोटांकडे डोळे लावले. शेषगिरींना गहिवरून आलं. "एनप्पा विनायका, आमच्या पोरीसाठी स्थळ आहे का कुठं?" म्हणत ते धावत जाऊन पत्रिका घेऊन आले. ती अजून टीव्हीवर पडली होती.

दुसरा संशय अश्विनीवर. टाकीचं मीठ तिनं लोणच्यात घातलं, त्यामुळे कोरलं उपाशी मेली. बरणी जप्त झाली. रासायनिक तपासणी दहीभाताबरोबर चार दिवस चालली आणि बरणी रिकामी होताच अश्विनीची निर्दोष सुटका झाली.

उरला गुंडप्पा.

"ओळख परेड," असं म्हणून विनायकरावांनी आत्ता बोट पाण्यात घातलं. गुंडप्पानं ते ओळखलं. घर दणाणून सोडणारी किंकाळी आली, दीपश्री जागी झाली.

"हल्ला! म्हणजे कबुली!" बोट धरून नाचत विनायकराव म्हणाले. "अश्विनी, लाल बादली आण. रविवारच्या बसनं हा बेंगळुरूला परत."

"भावजी, आठ-नऊ तासांचा रस्ता. बादलीत जगायचा नाही तो."

"न्यायाला त्याच्याशी कर्तव्य नाही."

अश्विनी बादली आणायला गेली. या घरात तोंडाळाच्या माथी काहीही मारता येतं, हे तिला ठाऊक होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती उलट उत्तरं द्यायची, म्हणून दूध नासलं तरी तिचंच नाव निघे.

बुधवारपासून गुंडप्पा लाल बादलीत, हवेच्या नळीसह. दीपश्री रडली नाही. तिनं आपला पाट बादलीशेजारी मांडला. जेवणं तिथंच, बालवाडीतल्या गोष्टी तिथंच. "बाळा, रविवारी तू बसमध्ये खिडकीशी बस," असं ती त्याला समजावत होती. ते ऐकून अश्विनीला पोळी लाटवेना.

शुक्रवारी चौथं कोरल आखडलं.

"आता?" अश्विनीनं विचारलं. "मासा तर बादलीत आहे."

"बादलीतून सूत्रं हलवतोय," विनायकराव थंडपणे म्हणाले.

शनिवारी, आठ दिवसांनी एकदा येणारं नळाचं पाणी आलं. कामाला येणारी सरस्वती परसात तांब्याचा हंडा घासत होती. ती तिथूनच ओरडली, "अक्का, ह्या हंड्याला काय केलासा हो? अख्खी चिंच संपली, हिरवं निघंना झालंय!"

"भावजी त्यात टाकीचं पाणी करतात. मीठ कालवून रात्रभर ठेवतात. तांब्यातलं पाणी शुद्ध असतं म्हणे."

सरस्वतीचा हात थांबला. "अय्यो देवरे! खारं पाणी तांब्यात? आम्ही ताक सुद्धा ठेवत नाही. हे हिरवं म्हणजे मोरचुदाची बहीणच की! आमच्या गावात हौदाला शेवाळ धरलं की मोरचूद टाकतात, गोगलगायी पण उरत नाहीत."

अश्विनी ओल्या हातानं आत धावली. टाकीबरोबर दुकानदारानं दिलेला सूचनांचा कागद विनायकरावांच्या खिशात होता. त्याच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी संशयितांची यादी केली होती. तिनं तो काढून घेतला आणि उलटा केला. इंग्रजीत तिसरीच ओळ, ठळक: तांबं टाकीच्या पाण्याला लागू देऊ नका. मासे एक वेळ सोसतील, कोरल मरेल.

"भावजी, ही बाजू वाचली होती?"

"मी कागद बघतो. घडी, डाग, जाडी..."

"वाचली होती का?"

"ते सर्वसामान्य गिऱ्हाइकांसाठी असतं," विनायकराव म्हणाले आणि पंख्याकडे बघू लागले. क्षणभरानं त्यांचा चेहरा उजळला. "तरी मला संशय होताच! पहिल्या दिवसापासून माझी त्या हंड्यावर नजर होती."

"रोज सकाळी तुम्हीच तो उचलून टाकीत ओतत होता."

"जवळून नजर ठेवावी लागते, अश्विनी."

संध्याकाळपर्यंत हंड्याला जन्मठेप होऊन तो माळ्यावर गेला. प्लास्टिकच्या पिंपात कालवलेलं नवं पाणी टाकीत पडलं. अश्विनीनं गुंडप्पाला अलगद सोडलं. त्यानं तिचाही एक चावा घेतला, पण तिनं तो कुणाला सांगितला नाही. उरलेलं एकुलतं एक कोरल बोटभर उघडलं. बाहेर कट्ट्यावर विनायकराव शेषगिरींना एका अट्टल हंड्याला कसं पकडलं ते सांगत होते.

दीपश्री रिकाम्या बादलीपाशी उभी होती.

"आई, गुंडप्पानं काही केलं नव्हतं ना?"

"नाही गं बाळा."

"काकांनी केलं?"

"हो. चुकून."

तिनं कट्ट्याकडे बघितलं. मग बादलीचं तोंड दोन्ही हात पसरून मापलं.

"मग काकांना ह्यात कधी ठेवायचं?"