दोराला लटकलेली नायिका

मानवतच्या बसस्टँडसमोर झेरॉक्सचं एक दुकान आहे. त्याच्या काचेवर मालकाने स्वहस्ते लिहिलेला कागद होता : "भुजंगराव. मराठवाड्यातले एकमेव गुप्तहेर. यांच्या नजरेतून मुंगी सुटत नाही." कागद चिकटवून होताच गुप्तहेर चष्मा शोधू लागले. बबिताने तो त्यांच्या कपाळावरून नाकावर ओढून दिला. बबिता त्यांची बायको, सहायक आणि झेरॉक्स काढणारी. तिन्ही कामं तिला एकाच मांडवात मिळाली होती.

त्या दिवशी गल्लीतली नवी सून शिवकन्या रडवेली होऊन दुकानात आली. 'उंबरठ्याची आण' ही मालिका अर्ध्यात बंद पडल्यापासून पुढचे भाग ही पोर स्वतःच्या मनाने रचायची, आधी वहीत आणि मग फेसबुकवर. दोनशे बायका खाली लाल बदामाचं चिन्ह टाकायच्या. पण प्रत्येक भागाखाली झेंडूचा फोटो लावलेलं एक बिननावाचं खातं एक ओळ टाकून जायचं. "नायिका तीन दिवस रुसली, मग म्हशीची धार कोन काढायलंय?" "सकाळी लुगडं हिरवं, दुपारी लाल. बदललं कवा?"

कालची ओळ होती, "हिरीतून काढल्यावर तिला आधी च्या पाजा, भांडण मागून."

"माझ्यानं आता लिहिणं व्हायचं न्हाई, काका," शिवकन्या म्हणाली. नायिका आठ दिवस विहिरीत दोराला लटकलेली होती आणि तिला वर काढणारी हीच एकटी होती.

"विहिरीतून काढल्याचा भाग तू टाकलास कवा?" बबिताने विचारलं.

"टाकला न्हाई. ती वर येताच भांडती, तो भाग अजून वहीतच हाय."

भुजंगरावांनी हात वर करून बायकोला गप्प केलं. तपासात बाईमाणसाने मध्ये बोलू नये, असं त्यांचं शास्त्र होतं. म्हैस आली म्हणजे गुन्हेगार दूधवाला, असं त्यांनी आधी ठरवलं. त्या हिशोबाने अर्धा तालुका आत गेला असता. मग लुगड्यावरून कापडवाला पकडला, तोही सोडला. शेवटी संशय गल्लीतल्याच वैष्णवीवर आला, कारण तीही त्याच मालिकेचे भाग लिहायची. भुजंगराव भर उन्हाळ्यात माकडटोपी घालून तिच्या घरी गेले. तिने ओळखून पोहे दिले. त्यांनी पोह्यांत मीठ कमी, हळद जास्त आणि शेंगदाणे कच्चे असल्याचं न विचारता सांगितलं, तेव्हा तिने त्यांना दार दाखवलं. "चिडली, म्हणजे पाणी मुरतंय," असं टिपून घेऊन ते पुढच्या तपासाला एसटीने देवगाव फाट्याला गेले. फरार माणूस तिथंच गाडी बदलतो म्हणे.

बबिता दुकानाचं शटर ओढून शिवकन्येच्या घरी गेली. सासू धुरपताबाई सुपात डाळ निवडत होती. बबिताने सरळ विचारलं, "मावशी, सुनेची वही तुमी वाचता का?"

"वाचते की. कोठीमागं ठिवती ती. सातवी शिकलेय मी."

"आन् झेंडूचं फूल?"

"माझंच." म्हातारीने डाळीतला खडा काढून टाकला. "पोर लय चांगलं लिहिती. दोनशे बाया बदाम टाकायल्यात. नजर लागंल न्हाई का? म्हनून मी खाली एक तीट लावते. तोंडावर सांगितलं तर पोर हिरमुसंल, म्हनून नाव टाकत न्हाई."

शिवकन्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं.

"आत्या, मला वाटलं कोनी वैरीच हाय."

"मावशी, आधी लेकराला जवळ घ्यावं, मग तीट लावावी," बबिता म्हणाली. "नुसतीच तीट लावत बसलं तर तोंड काळं होतंय." धुरपताबाईने सूप बाजूला सारून सुनेला बसायला जागा केली.

संध्याकाळी भुजंगराव झेंडूचे अकरा हार घेऊन परतले. फाट्यावरच्या हारवाल्याची उलटतपासणी चालली असताना त्याची बोहणी खोळंबली होती आणि त्याने ती यांच्याकडूनच करून घेतली. बबिताने एक हार गुप्तहेरांच्या कागदाला घातला.

दुसऱ्या दिवशी नायिका विहिरीतून वर आली आणि आधी चहा प्याली. बदाम पडले. त्यांच्याखाली झेंडूचं फूल होतं, आणि या खेपेला पुढे धुरपताबाईचं पूर्ण नाव होतं. "लय चांगलं लिहिलंस माय. च्यात तेवढं आलं राहिलं."

शिवकन्येने ते चारदा वाचलं. मग वही उघडून तिने नायिकेच्या चहात आलं किसलं.