नानांचा शब्द

विंचू चावला की माणूस आधी ओरडतो. आमच्या नानांनी आधी प्रश्न विचारला.

भोरच्या कचेरीत जुन्या दप्तराच्या रुमालात हात घातला आणि करंगळीला डसला. उतारा द्यायला जो म्हातारा आला तो म्हणाला, "आता कळ पार बगलंपातूर चढंल." नाना पांढरेफटक पडले होते. तशातही त्यांनी दुसरा हात वर केला. "थांबा. ही जी कळ थांबून थांबून येते, तिला तुमच्यात काय म्हणतात?"

"चमक म्हंत्यात."

"ती मला ठाऊक आहे. दुसरं काही?"

"सणक बी म्हंत्यात."

"हां! मास्तर, लिहून घ्या!"

मास्तर म्हणजे मी. शाळेत पोरांना शिकवायचो आणि नानांच्या भिंतीला भिंत लावून राहायचो. भोरला तेव्हा संस्थान होतं आणि नाना त्याच्या कचेरीत कारकून होते. पन्नाशी उलटलेली, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. स्वयंपाक हातानंच करायचे. फावल्या वेळात ते शब्द गोळा करत आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर उतरवून ठेवत. एकदा बाजारात वांगी आणायला गेले आणि वांग्याच्या देठावरच्या काट्याला काय म्हणतात ते विचारून आले. वांगी तिथंच राहिली. त्या दिवशी नाना आमच्याकडे जेवले, आणि जेवताना माझ्या बायकोला आमटीबद्दल तीन प्रश्न विचारले.

अशा माणसाच्या कानावर वेल्ह्याच्या सामन्याची बातमी गेली. तिथल्या एका म्हाताऱ्या हेडमास्तरांनी शब्दांच्या भेंड्या ठेवल्या होत्या. एकानं शब्द सांगायचा, त्याच्या शेवटच्या अक्षरावरून दुसऱ्यानं. ळ आला तर ल घ्यायचा, ण आला तर न. एकदा आलेला शब्द पुन्हा चालायचा नाही. शंका आली तर हेडमास्तर आपल्या जाडजूड शब्दकोशात बघणार, तिथं शब्द नसेल तर सांगणारा बाद, आणि शेवटपर्यंत टिकेल त्याला तोच कोश बक्षीस देणार. नाना दर रविवारी वाचनालयात उभं राहून असलाच कोश वाचायचे, कारण तो घरी न्यायला मिळत नसे. बातमी ऐकल्यापासून त्यांना जेवण गोड लागेना.

आम्ही तिघं निघालो. तिसरा यशवंता, माझा शाळेतला दोस्त, कामथडीचा शेतकरी. त्याला शब्दांचं काही वेड नव्हतं. पण त्याच्याकडे बैलगाडी होती. भोरहून कामथडीपर्यंत सर्व्हिस मोटारीनं आणि पुढं त्याच्या गाडीनं, असा बेत ठरला.

गाडी चालली कमी आणि थांबली जास्त. बैलाच्या गळ्यातल्या पट्ट्यापासून चाकाच्या धावेपर्यंत नानांनी यशवंताची उलटतपासणी घेतली. "नाना," तो शेवटी म्हणाला, "आवंदा वेल्ह्याला पोचायचं हाय का फुडल्या साली?"

मार्गासनीच्या अलीकडे एक बाई बांधावर बसून भाकरी खात होती. नाना टुणकन उतरले. "बाई, भाकरीच्या ह्या पापुद्र्याला तुमच्यात काय म्हणतात?"

कोट, टोपी, हातात पेन्सिल. बाईनं भाकरी पदराआड केली. "आता भाकरीची बी मोजनी लागली व्हय?"

नाना ओशाळून परत आले. यशवंता हसून हसून गाडीतून पडायचा राहिला.

सामना दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या ओसरीवर भरला. मी सातव्या फेरीत ढ वर अडकलो. यशवंता माझ्या पुढं चार फेऱ्या टिकला आणि तेवढ्यावर मिशीला पीळ देऊन बसला. दुपारी उरले दोघंच : आमचे नाना आणि वेल्ह्याचे पोस्टमास्तर. पोस्टमास्तर घामाघूम झाले होते. ट वरचे सगळे शब्द संपत आले होते. टोपली, टाळ, टिकाव, टमरेल, काही उरलं नव्हतं. आणि त्यांनीच म्हटलं, "घागर."

र आला. र नं सुरू होऊन ट वर संपणारा शब्द टाकला की कोश आमचा. रहाट, राजवट आधीच येऊन गेले होते. नानांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "रुटरुट."

हेडमास्तरांनी चष्मा सावरला, पानं उलटली. "रुटरुट नाही सापडत. रटरट आहे. तेच म्हणायचंय ना तुम्हांला? घेतो मी तो."

"व्हय व्हय, त्योच!" यशवंता ओरडला.

"नाही," नाना म्हणाले. "रुटरुट."

"अहो, नुसतं हो म्हणा," हेडमास्तर कळवळून म्हणाले. त्यांनाही नानांनी जिंकावं असं वाटत असावं.

"रटरट भाताला पाणी असतं तेव्हा. रुटरुट पाणी आटल्यावर. दोन निराळे आहेत."

"कोशात नाही हो."

"माहीत आहे मला."

नानांनी मन बदलावं म्हणून हेडमास्तरांनी दहा अंक मोजले, फार सावकाश मोजले, आणि कोश पोस्टमास्तरांच्या हातात दिला.

त्या रात्री वेल्ह्यालाच मुक्काम केला. सकाळी गाडी जोडली. गुंजवण्याची वाट फुटते तिथवर आल्यावर मला राहवलं नाही.

"नाना, एक हो म्हटलं असतंत तर कोश आता गाडीत असता."

"असता."

"मग?"

"ही गुंजवण्याची होती," नाना वाटेकडे बघत म्हणाले. "आमच्या घरातली. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात म्हणाली, भात रुटरुटाय लागलाय. मी हसलो. म्हटलं, असा शब्दच नाही, रटरट म्हण. मग न्हाई नको, नाही म्हण. कुटं नको, कुठं म्हण. पाठच घेतली तिची. हुशार होती, वर्षभरात सगळं शुद्ध बोलायला लागली. पण चुकेल म्हणून बोलायचीच थोडं. पुढं पुढं तेवढंही नाही."

मला आठवलं, आम्ही शेजारी बिऱ्हाड केलं तेव्हा माझ्या बायकोला महिनाभर त्या मुक्याच वाटल्या होत्या.

"तिचा हा एवढाच शब्द मला आठवतो, मास्तर. बाकीचे सुधारायच्या नादात नीट ऐकलेच नाहीत. आता लोकांना विचारत हिंडतो. वाटतं, कुणाच्या तरी तोंडात एखादा सापडेल. आणि काल चारचौघांत तिला पुन्हा रटरट म्हणायला लावू?"

यशवंतानं बैल थांबवले. मग मागं न बघताच म्हणाला, "गुंजवनं काई लांब न्हाई, नाना. घेऊ का वळवून?"

"तिचं कोण आहे आता तिथं?"

"नसंना. गाव तर हाय. बायामान्सं हायती."

नानांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा डोक्यावर ठेवली.

"वळवा," ते म्हणाले. "मी देवळाच्या पायरीवर बसेन. कुणाला काही विचारणार नाही. बोलू देत त्यांना."