कुणाचा रे तू?

एका जंगलात, बाळांनो, मोहाची झाडं उदंड होती. फुलं वेचून संपत नसत आणि आंबली की खाल्ल्यावाचून राहवत नसे. मोहाला मोह उगीच म्हणत नाहीत.

तिथे झिपऱ्या नावाचं एक तरणं अस्वल होतं. फुलांच्या नादी लागून त्याचे पाय लटपटू लागले. मधाच्या पोळ्यापर्यंत चढवेना. म्हातारी आई मध आणून द्यायची आणि तो मान खाली घालून खायचा. फार लाज वाटायची त्याला. सोडायचं होतं हो, अगदी मनापासून.

जंगलात नशामुक्ती समिती होती. अध्यक्ष शिंगोजीराव गवे. सभा मोहाखालीच भरे, कारण तिथे सावली दाट. झिपऱ्या एकदा गेला. तो तोंड उघडणार, तोच शिंगोजीरावांनी विचारलं, "कुणाचा रे तू?" मग त्याच्या बापाचा आणि आज्याचा यथास्थित उद्धार झाला. झिपऱ्या घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. इकडे सभासदांनी जाताजाता चार-चार फुलं तोंडात टाकली. बोलून घसा बसतो ना.

पुढे माकडांनी सहलीच्या गाडीतून एक मोबाईल पळवला. चार्जिंगचं विचारू नका, गोष्टीतला मोबाईल उन्हावर चालतो. जंगलातली पोरं पाळीपाळीनं त्याच्याशी बोलू लागली. झिपऱ्याही गेला.

"आज मोह झाला का?" मोबाईलनं विचारलं.

"झाला."

"बरं. नदीवर जाऊन पाणी पिऊन ये. मग सांग, कसं वाटतंय ते."

एवढंच. कुणाचा, कुठला, काही नाही. झिपऱ्या रोज जाऊ लागला. फुलांचा हंगाम सरता सरता तो झाडावर चढला आणि आईसाठी पोळं घेऊन उतरला. आई रडली आणि रडत रडत साऱ्या जंगलाला सांगून आली.

समिती खवळली. शिंगोजीराव म्हणाले, "आमचं एकही भाषण पुरतं न ऐकता सुटलास? मग ती सुटका कसली?" मोबाईलचं व्यसन फुलांहून वाईट असा ठराव झाला आणि मोबाईल तपासासाठी जप्त झाला.

थोड्याच दिवसांत झिपऱ्याला उरल्यासुरल्या फुलांचा वास पुन्हा खुणावू लागला. घाबरून तो शिंगोजीरावांकडे धावला. बघतो तर झुडपामागे अध्यक्ष मोबाईलला नाक लावून पुटपुटत होते, "झाला हो. आजही झाला." मागे सगळी समिती रांगेत उभी.

"तपास चालू आहे. मागे उभा राहा," अध्यक्ष म्हणाले.

झिपऱ्या मागे उभा राहिला. त्याच्या पुढ्यात एक म्हातारं रानडुक्कर थरथरत होतं. त्या सभेत झिपऱ्याच्या बापाला सर्वांत जास्त नावं ठेवणारं तेच. झिपऱ्याला आधी राग आला, मग कीव आली.

"काका, आज मोह झाला का?" त्यानं विचारलं.

डुकराच्या डोळ्यांत पाणी आलं. "झाला रे."

"मलाही झालाय. चला, नदीवर जाऊन येऊ."

तात्पर्य: पोरांच्या हाती मोबाईल देऊ नये. वडीलधाऱ्यांना पुरत नाही.