परीक्षेला केस कमी पडले

"आज तुझे बाबा माझा चाकू कमरेला लावून घरी येतात की नाही बघ," सकाळी न्याहारीच्या बिस्किट-पावावर ग्रेव्ही ओतत क्लोव्हिस टॅकेटने बायकोला सांगितलं.

"लग्नापासून ऐकतेय," व्हर्ना म्हणाली. "गार होतंय, खा."

तिचे बाबा ऑर्विल स्ट्राउड म्हणजे आर्कान्सॉच्या त्या डोंगरांतले शिकारी चाकूंचे सगळ्यात नावाजलेले कारागीर. जावयाचा चाकू म्हातारा उजेडात धरायचा, "मूठ बरी आहे," म्हणायचा आणि परत द्यायचा. "आधी परीक्षा पास हो, मग लावतो कमरेला." क्लोव्हिस हसण्यावारी न्यायचा, पण ते त्याला फार लागायचं.

परीक्षा कारागिरांच्या संघाची होती. एकाच चाकूने टांगलेला दोर एका घावात तोडायचा, फळीचे दोन तुकडे करायचे आणि मग त्याच पात्याने अंगावरचे केस भादरून दाखवायचे. शेवटी पातं शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळून काटकोनात वाकवायचं. मोडलं की नापास.

दोर तुटला. फळी तुटली. क्लोव्हिसने ऐटीत बाही वर सारली.

हात तळव्यासारखा गुळगुळीत होता. आठवडाभर धार बघण्याच्या नादात त्याने एक केस शिल्लक ठेवला नव्हता. दुसरा हातही तसाच. त्याने गंभीरपणे पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि तितक्याच गंभीरपणे खाली सोडली.

"छाती?" परीक्षक नडीनबाईंनी विचारलं.

"मंगळवारीच संपली."

कोठारात जमलेले सगळेच चाकू बनवणारे. एकेक बाही वर गेली, एकेक खाली आली.

"माझ्याकडे काय बघतोस?" त्यांच्यातला जेब म्हणाला. "मला पण दोनच हात आहेत. तो माझा कुत्रा घे हवं तर."

"नियमात माणूस म्हटलंय," नडीनबाई म्हणाल्या. "आणि त्या कुत्र्याने तुमचं काय घोडं मारलंय? केस नाहीत तर निकाल नाही."

हळूहळू सगळ्यांच्या नजरा एका जागी गेल्या. कोपऱ्यात बसलेल्या ऑर्विलची दाढी छातीपर्यंत होती. तिला हात लावायची हिंमत व्हर्नाच्या आईलाही झाली नव्हती.

म्हातारा आपणहून उठला. तुटलेल्या फळीची कड त्याने अंगठ्याने चाचपली, स्टुलावर येऊन बसला आणि हनुवटी वर केली.

"एका गालावर. आणि हात हलू देऊ नकोस."

क्लोव्हिसने पातं गालाला लावलं. ते फिरलं आणि कुणी न पाहिलेला गाल उघडा पडला. रक्ताचा टिपूस नाही. मग शेगड्यात पातं वाकलं, मोडलं नाही.

"पास," नडीनबाई म्हणाल्या.

ऑर्विलने हात पुढे केला. "आण तो चाकू."

"बाबा, हा वाकलाय. म्यानात जायचा नाही. घरी याच्याहून सुरेख आहे, सरळ, तो देतो."

"त्याने माझी दाढी केलेली नाही."

क्लोव्हिसने चाकू दिला आणि म्हाताऱ्याने तो तसाच पट्ट्यात अडकवला.

घरी व्हर्नाने दार उघडलं. बापाचा एक गाल बघितला, कमरेचा तो आकड्यासारखा वाकलेला चाकू बघितला, मग नवऱ्याकडे वळली.

"परीक्षा चाकूचीच होती ना?"

"त्यात पास झालाय," ऑर्विल खुर्ची ओढत म्हणाला. "न्हावीकामात फेरपरीक्षा आहे. पाणी तापव."