आठ तारांची सेवाज्येष्ठता

१९८७ साली नागपुरातल्या एका सरकारी कार्यालयात संगणक आला, मागोमाग प्रिंटर आला, आणि त्याच दिवशी सगळे टाइपरायटर भंगारात निघाले. राहिला प्रश्न दोघांना जोडायचा. संगणकाच्या पाठीला दोन तोंडं होती. एकातून प्रत्येक अक्षराच्या आठ खुणा आठ तारांवरून एकदम जात, दुसऱ्यातून एकाच तारेवरून एकामागे एक. कोणतीही चालेल, तुम्ही ठरवा, असं सांगून कंपनीचा माणूस निघून गेला. ठरवायचं म्हटल्यावर समिती नेमावी लागली.

हंगामी टंकलेखक प्रेमिलाचा जीव त्यात अडकला. तिला कायम केल्याचा आदेश पडद्यावर लख्ख दिसत होता. तो कागदावर उतरून सही झाली नाही, तर महिनाअखेर तिची नोकरी संपणार होती.

अधीक्षक रुपराव आठ तारांच्या विरोधात. आठ जणांनी एकदम पुढे जायचं, तर ज्येष्ठ कोण? एकच तार असावी, योग्य मार्गाने जाणारी.

युनियनचे बाबाराव उठले. "म्हणजे सात तारा घरी? आज तार गेली साहेब, उद्या आमी जाऊ."

(येथे चहा झाला.)

एकदा लावून पाहिलं तर, असं प्रेमिलाने हळूच सुचवलं.

"लावून पाह्यलं आन चाललं," रुपराव म्हणाले, "तर समिती काहून बसली होती, म्हणतीन लोक."

ठराव: आठही तारा सेवेत राहतील. काम एका वेळी एकच तार करील, आळीपाळीने. उरलेल्या सात हजर समजाव्यात.

महिन्याच्या शेवटच्या दुपारी, सात तारांना चिकटपट्टी लावून, आदेश छापला गेला:

॥#॥  ॥॥#  #॥॥॥  #

प्रेमिलाला त्यातलं एक अक्षरही लागलं नाही. तरी तिने कागद पुढे सरकवला. रुपरावांनी नेहमीप्रमाणे वर न पाहता सही केली. शिक्का बसला, जावक क्रमांक पडला, लेखा शाखेनं नोंद घेतली.

"झाली न वं कायम," बाबाराव म्हणाले. "पेढे कुठी हायेत?"

"पण भाऊ, त्यात लिवलं काय हाये?"

"सही हाये, शिक्का हाये. आखीन काय पायजे तुले?"

तेव्हापासून तिथले सगळे आदेश तसेच निघाले. एकही तक्रार आली नाही. तुमच्याही कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला एखादा असेल.

कधी वाचलाय?