मानद सचिव साळूबाई

एका जंगलात हॉकी खेळली जायची. हसू नका मुलांनो. जंगलात याहून विचित्र गोष्टी होतात आणि त्यांना अनुदानही मिळतं.

बांबूच्या मुळाशी वाकलेल्या काठ्या, त्या स्टिका. वाळलेलं कवठ, तो चेंडू. नदीकाठच्या गवताळ पट्ट्याला सगळे मैदान म्हणायचे. पाच पाणवठ्यांची पिल्लं तिथे खेळायला यायची, आणि पिल्लांनी आपलं आपण खेळू नये म्हणून एक संघटना होती. तिचं नाव 'पाच पाणवठे विभागीय हॉकी संघटना'. संघटनेत कुणालाही पगार नव्हता. सगळे सेवाभावी होते. ज्या कामाचा मोबदला मिळत नाही, पण बोलणी मात्र मिळतात, त्याला सेवा म्हणतात. हे पाठ करून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

संघटनेचे अध्यक्ष होते आप्पासाहेब गवा. ते फार वजनदार होते. स्पर्धेच्या उद्घाटनाला कवठाला पहिला टोला तेच मारायचे. मग दुसरं कवठ आणावं लागायचं. उपाध्यक्ष होते कोल्हेवकील. संघटनेची घटना त्यांनी स्वतः लिहिली होती, त्यामुळे तिचा अर्थ फक्त त्यांना कळायचा. बाकीची कार्यकारिणी मोठी होती. ती बैठकीला नसायची, बैठकीनंतरच्या फराळाला असायची.

त्याच जंगलात साळूबाई नावाची एक साळिंदर राहायची. तिला एकच मुलगी, बोरी. बोरीला हॉकीची हौस होती. म्हणून साळूबाई संघटनेच्या वार्षिक सभेला गेली. लहान गटाचा सराव सकाळी असतो की संध्याकाळी, एवढंच तिला विचारायचं होतं.

तिने विचारलं, आणि सभा एकदम शांत झाली. इतक्या वर्षांत सभेत कुणी खेळाविषयी प्रश्न विचारला नव्हता.

"यांना तळमळ आहे," आप्पासाहेब गहिवरून म्हणाले.

कोल्हेवकिलांनी तिथल्या तिथे ठराव मांडला. सगळ्यांनी शेपट्या वर केल्या. साळूबाई घरी परतली ती मानद सचिव होऊन. सरावाची वेळ मात्र तिला कळली नाही. ती कुणालाच माहीत नव्हती. आता ती तिनेच ठरवायची होती.

सुरुवातीला साळूबाईला बरं वाटलं. लोक रस्त्यात थांबून नमस्कार करायचे. मग थांबून काम सांगायला लागले. मग नमस्कार राहून गेला.

भल्या पहाटे ती मैदानावर जायची. शेपटी पांढऱ्या मातीत बुडवून रेषा आखायची. रानडुकरांनी उकरलेले खड्डे बुजवायची. कोणत्या पाणवठ्याचा सामना कुणाशी, हे जुळवायची. पिल्लांची भांडणं सोडवायची. पिल्लांचं सोपं होतं. कवठ आत टाकलं की ती भांडण विसरायची. पालकांच्या भांडणात टाकायला तिच्याकडे काही नव्हतं.

पालकांना निरोप देण्यासाठी वडावर एक पोपट नेमला होता. साळूबाई त्याला सांगायची, "उद्याचा सामना सकाळी आहे." पोपट ते सगळ्या पालकांना सांगायचा. मग सगळे पालक पोपटाला विचारायचे, उद्याचा सामना कधी आहे? आणि पोपट उडत उडत साळूबाईकडे विचारायला यायचा.

जंगलात पंच एकच होते, बगळेगुरुजी. ते मैदानाच्या कडेला एका पायावर उभे राहायचे आणि त्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही. हीच त्यांची अडचण झाली. अस्वलकाकूंचा ढोल्या गोलरक्षक होता. गोलाच्या दोन खुंट्यांमध्ये तो नीट मावायचा, म्हणून त्याला तिथे ठेवला होता. आपल्या ढोल्यावर झालेला प्रत्येक गोल नियमाबाहेरचा असतो, अशी काकूंची श्रद्धा होती.

एका सामन्यात ढोल्यावर लागोपाठ गोल झाले. काकू काठावरून ओरडल्या, "गुरुजी, डोळे मासळीसाठी राखून ठेवलेत का?" बाकीच्या पालकांना हे आवडलं. मग सगळेच ओरडू लागले.

 सामना संपला, तसे गुरुजी साळूबाईकडे आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, उभा जन्म एका पायावर काढला. कुणापुढे दुसरा टेकला नाही. आज टेकतो." त्यांनी शिट्टी तिच्यापुढे ठेवली आणि ते लांबच्या तळ्याकडे उडून गेले.

साळूबाईला फार वाईट वाटलं. तिने बैठक बोलावली आणि घडलं ते सांगितलं. कार्यकारिणीलाही फार वाईट वाटलं. पालकांनी पंचांचा आदर राखावा, असा कडक ठराव झाला. ठराव शिस्तपालन समितीच्या प्रमुखांनी मांडला. त्या प्रमुख म्हणजे अस्वलकाकू. आणि नवा पंच मिळेपर्यंत शिट्टी साळूबाईंनीच फुंकावी, असंही ठरलं. नवा पंच शोधायचं काम अर्थातच सचिवांचं होतं.

साळूबाईने तेही केलं. बोरी खेळते ना, मग आपल्याला काय जड आहे, असं ती मनाशी म्हणायची.

पण बोरीचा खेळ तिने कधी पाहिला नव्हता. घटनेत एक कलम होतं. स्वतःचं पिल्लू मैदानात असताना पदाधिकाऱ्याने मैदानाजवळ थांबू नये, पक्षपात होतो. आप्पासाहेबांना हे कलम लागू नव्हतं, कारण त्यांचं रेडकू हॉकी खेळत नव्हतं. त्यामुळे बोरीच्या सामन्याला शिट्टी आप्पासाहेब धरायचे. ते ती वाजवत नसत, म्हणून त्यांच्याविरुद्ध तक्रारही नसे. तेवढा वेळ साळूबाई घाणेरीच्या जाळीमागे पाण्याच्या द्रोणांपाशी बसायची. कवठाचे टोले ऐकू यायचे. त्यातला बोरीचा कोणता, हे ती ओळखायचा प्रयत्न करायची.

असे बरेच हंगाम गेले. बोरीचे काटे लांब झाले.

मग डोंगरापलीकडच्या जंगलाशी मोठा सामना ठरला. पाचही पाणवठे लोटले. प्रमुख पाहुणे म्हणून आप्पासाहेबांनी कुणालाही न विचारता बिबटेसाहेबांना बोलावलं. पाहुणे आले, आसनावर बसले, आणि आपल्या संघातली हरणं तब्येतीच्या कारणास्तव घरी गेली. संघात जागा रिकाम्या पडल्या. या मोठ्या संघात बोरी नुसती राखीव होती, काठावर बसलेली. त्या दिवशी तिला आत पाठवलं.

साळूबाईला ही बातमी पोपटाने जाळीमागे आणून दिली. तिचे काटे आनंदाने खडखडले. घटना गेली खड्ड्यात, आज बघायचंच, असं म्हणून ती उठली. तेवढ्यात समोर अस्वलकाकू आल्या.

पाहुण्यांच्या स्वागतात सगळ्या प्रमुखांना पळसफुलांचा हार मिळाला होता. काकूंच्या वाट्याला नुसतं फूल आलं होतं. याला जबाबदार कोण, असं त्यांना जाणून घ्यायचं होतं. साळूबाईने माफी मागितली. काकूंना माफी नको होती, त्यांना कारण हवं होतं. साळूबाईने कारण सांगितलं. काकूंना ते पटलं नाही.

तेवढ्यात मैदानावर एकच कल्लोळ झाला. "बोरी! बोरी!" म्हणून सगळं जंगल ओरडत होतं. साळूबाई वळली आणि धावली.

"माझं बोलणं संपलेलं नाही," काकू मागून म्हणाल्या.

आणि मुलांनो, साळूबाई थांबली. तिला थांबायचं नव्हतं. सवयीने पाय थांबले.

ती मैदानावर पोहोचली तोवर सामना संपला होता. आपलं जंगल एका गोलाने जिंकलं होतं आणि तो गोल बोरीचा होता. साळिंदराला कुणी खांद्यावर घेत नाही, म्हणून सगळे बोरीभोवती जरा अंतर राखून नाचत होते. बोरी गर्दीतून धावत आली.

"आई, पाहिलंस ना?"

"पाहिलं गं."

"मग सांग ना, कसा झाला?"

साळूबाई तिच्या अंगावरची धूळ झटकू लागली. बोरीने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "असू दे. भूक लागलीय, घरी जाऊ." वाटेत साळूबाईला वाटलं, पोरगी रडली असती तर बरं झालं असतं.

त्याच संध्याकाळी तिने पद सोडायचं ठरवलं.

वार्षिक सभा जवळ आली होती. त्या सभेत साळूबाईंचा सत्कार करायचं कार्यकारिणीने ठरवलं आणि सत्काराची तयारी सचिवांवर सोपवली. साळूबाईने सभेची जागा झाडली. फुलं आणली. जंगलात नारळ नव्हता, म्हणून श्रीफळाच्या जागी बेलफळ आणलं. आप्पासाहेबांना भाषणात काय बोलावं ते सुचेना, तेव्हा तेही तिने सांगितलं. तरी ते ऐन वेळी विसरले आणि स्वतःच्या लहानपणाविषयी बोलले. मग त्यांनी तिच्या पाठीवर शाल घातली. शालीला लगेच भोकं पडली. टाळ्या वाजल्या.

साळूबाई बोलायला उभी राहिली. आता ही आभार मानेल, असं सगळ्यांना वाटलं.

"मला माझ्या मुलीचा खेळ बघायचाय," ती म्हणाली. "म्हणून मी पद सोडते."

सभेत कुजबुज सुरू झाली.  तुमच्याशिवाय संघटनेचं कसं होईल, असं आप्पासाहेब पुन्हा पुन्हा विचारू लागले. कोल्हेवकील मात्र शांत होते. त्यांनी घसा साफ केला.

"भावना आम्ही समजू शकतो. पण घटनेप्रमाणे राजीनामा सचिवांकडे द्यावा लागतो. सचिवांनी मंजूर केला, तरच तो लागू होतो."

"मला मिळाला," साळूबाई म्हणाली. "मी मंजूर केला." आणि शाल तिथेच ठेवून ती निघाली.

कोल्हेवकील बराच वेळ घटना आठवत बसले. पळवाट सापडली नाही. सगळ्या पळवाटा त्यांनी स्वतःसाठी ठेवल्या होत्या.

एक साळिंदर करायची ते काम आता संघटनेवर पडलं. संघटना घाबरली नाही. तिने समित्या नेमल्या. रेषा समिती, शिट्टी समिती, पाणी समिती, पोपट संपर्क समिती. रेषा आधी लांब आखायच्या की आडव्या, यावर रेषा समितीत दोन गट पडले. शिट्टी समितीला शिट्टी सापडली नाही. पाणी समितीने नदीची पाहणी करून नदी समाधानकारक असल्याचा निर्वाळा दिला. मैदानावर गवत कमरेएवढं वाढलं. तो अख्खा हंगाम एकही सामना झाला नाही.

पण गंमत पाहा. सामना नाही, म्हणून कुणी हरलं नाही. कुणी हरलं नाही, म्हणून तक्रार आली नाही. एकाही पंचाचा अपमान झाला नाही. ढोल्यावर एकही गोल झाला नाही, त्यामुळे अस्वलकाकू प्रसन्न होत्या. हंगामाच्या शेवटी वनराजांनी खूश होऊन संघटनेला 'आदर्श क्रीडा संघटना' हा सन्मान जाहीर केला.

इकडे पिल्लांना कंटाळा आला होता. ती स्टिका घेऊन नदीच्या वाळवंटात गेली आणि आपली आपण खेळू लागली. रेषा नव्हत्या. गोल कुठे संपतो यावर वाद व्हायचा आणि कवठ पुढे गेलं की मिटायचा. बोरी निघाली तशी साळूबाईही निघाली. एका दगडावर ऐसपैस बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने लेकीचा खेळ पाहिला.

बोरी करंजाच्या सावलीत उभी होती. शेजारी एक ससा होता. दोघांच्या गप्पा चालल्या होत्या. कवठ जवळ आलं की बोरी अदबीने बाजूला व्हायची आणि सशाला म्हणायची, "आधी तू." ससाही तिला तेच म्हणायचा. कवठ मधून निघून जायचं. मग गप्पा पुन्हा सुरू.

साळूबाई बघत राहिली. यासाठी आपण शेपटी झिजवली, असं तिला वाटलं. आधी राग आला, मग हसू आलं. हसता हसता तिचे सगळे काटे वाजले.

खेळ मोडल्यावर बोरी तिच्याशेजारी येऊन बसली. साळूबाईने विचारलं, "बोरे, खरं सांग. तो गोल तू कसा केलास?"

"मी कुठे केला? कवठ माझ्या काट्यांत अडकलं. मी घाबरून पळत सुटले. कुठे गेले ते मलाच कळलं नाही. सगळे ओरडले, तेव्हा समजलं गोल झाला."

"मग मला कशाला विचारलंस, पाहिलंस ना म्हणून?"

"मला वाटलं, तू पाहिलं असशील तर सांगशील, नक्की काय झालं ते."

दोघी खूप वेळ हसत बसल्या. शेजारी बसायचं झालं तर साळिंदरं काटे मिटून घेतात. त्या दिवशी दोघींनीही मिटून घेतले होते.

सन्मानाचा सोहळा थाटात झाला. आप्पासाहेबांनी तो सन्मान सर्व सेवाभावी कार्यकर्त्यांना अर्पण केला आणि घरी नेला. टाळ्या वाजवायला पिल्लं हवी होती, पण एकही जागेवर नव्हतं. चौकशी केली तेव्हा कळलं, सगळी वाळवंटात हॉकी खेळतायत, विनापरवाना. कोल्हेवकील म्हणाले, हे घटनाबाह्य आहे. हा खेळ ताबडतोब थांबवण्यासाठी एकमताने समिती नेमण्यात आली.

समितीची पहिली बैठक अजून व्हायची आहे. म्हणून खेळ चालू आहे.

तात्पर्य : निःस्वार्थ सेवेचं फळ मिळाल्यावाचून राहत नाही. फक्त त्यासाठी सेवा वेळेवर सोडावी लागते.