दार लावून चहा

सलिलने संदेशला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि टपरीवरून मागवलेला स्पेशल चहा त्याच्यापुढे सरकवला. संदेशचा चेहरा पांढराफटक पडला. सलिलला वाटलं, एसी जास्त झाला असेल. त्याने उठून कमी केला.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत कुकरच्या रबरी रिंगा बनवणाऱ्या कंपनीचं हे ऑफिस. माणसं मोजून सात. सलिल दहा वर्षं विक्रीसाठी नाशिक-जळगाव पालथं घालत होता, ऑफिसचा प्रमुख होऊन त्याला जेमतेम महिना झालेला. खुर्ची देताना मालक सुधीरसाहेबांनी एकच अट घातली होती. गेल्या वर्षी तिघं सोडून गेले. आता तीन महिन्यांत आणखी एक जरी गेला, तर सलिलने बॅग उचलायची आणि पुन्हा जळगाव गाठायचं. इकडे ठाण्यात नौपाड्यातल्या घरी त्याची सव्वा वर्षाची लेक त्याला बघून रडायची नुकतीच थांबली होती. त्यामुळे काय वाट्टेल ते झालं तरी माणसं टिकवायची, असं त्याने ठरवलं होतं.

सुधीरसाहेबांनीच त्याला ठाण्यातच दोन दिवसांच्या लीडरशिपच्या शिबिराला धाडलं. तिथल्या क्षिप्रा मॅडमचं म्हणणं असं, की माणूस कामावर नुसत्या पगारासाठी येत नाही. आत काहीतरी असतं, ते साहेबाने शोधायचं. कसं? तर एकेकाला निवांत बोलवायचं, दार लावायचं, चहा द्यायचा, घरची चौकशी करायची. मग विचारायचं, रोज सकाळी इथे यावंसं का वाटतं? आणि गप्प बसायचं. मनात दहा आकडे मोजायचे. समोरचा आपोआप उघडतो. सलिल मुळात चौकस माणूस. शेजारच्या घरी कुरिअर आलं तरी याला आत काय आहे ते हवं. त्यामुळे ही युक्ती त्याला जाम आवडली.

तर संदेशला प्रश्न विचारून सलिल मोजायला लागला. सातापर्यंत पोचला नाही तोच संदेशने मान खाली घातली.

"सर, दर गुरुवारी मी पाचलाच सटकतो, ते खरंय. आमच्या सोसायटीत भजन असतं ना, पेटी मी वाजवतो. मी नाय गेलो तर तबलेवाला पेटीवर बसतो, आणि मग लोक उठून जातात."

सलिल हरखला. चार वर्षं रिंगांची तपासणी करणारा हा माणूस पेटी वाजवतो, हे कुणाला माहीत होतं? मॅडमनी सांगितल्याप्रमाणे त्याने होकार-नकार काही न देता मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं. ते लिहिणं बघून संदेश अर्धा चहा तसाच टाकून बाहेर पडला.

आता सलिलला जे ठाऊक नव्हतं ते तुम्हाला सांगायला हवं. त्याच्याआधी या खुर्चीत अण्णा बसायचे. अण्णा मनाने लोण्याहून मऊ. एखाद्याला कामावरून काढायची वेळ आली की त्यांच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. मग ते त्याला आत बोलवायचे, दार लावायचे, स्पेशल चहा मागवायचे, आईच्या गुडघ्यांपासून मुलाच्या दहावीपर्यंत सगळं विचारायचे, बराच वेळ छताकडे बघत बसायचे आणि शेवटी म्हणायचे, तुमच्यासारख्याला बाहेर खूप वाव आहे. एरवी अण्णांच्या केबिनचं दार कायम सताड उघडं. त्यामुळे दार लावून चहा म्हणजे काय, हे ऑफिसात सगळ्यांना पाठ होतं. सलिल तेव्हा जळगावात. आणि नव्या साहेबाला हे सांगणार कोण?

दुपारी शिवानीचा नंबर लागला. बिलं बनवायचं काम तिचं. तिला सलिलने सासूबाईंची तब्येत विचारली आणि तिचा बांधच फुटला. जेवणाच्या सुट्टीनंतर ती रोज दहा मिनिटं टेबलावर डोकं ठेवून झोपते, म्हणाली. सलिलने तेही लिहून घेतलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण इथे चोऱ्या तरी केवढ्याशा.

दुसऱ्या दिवशी सातही जण पावणेनऊला हजर. डबे दहा मिनिटांत संपले. संध्याकाळी सहा वाजले तरी कुणी खुर्ची सोडेना. गुरुवार असून संदेश जागचा हलला नाही. तिकडे भजनाचं काय झालं असेल ते विठोबालाच ठाऊक. सलिलने हरखून सुधीरसाहेबांना फोन केला. ते स्वतः बघायला आले आणि सातजणांना खाली माना घालून राबताना पाहून चाट पडले. त्यांना पाहून तर सगळ्यांची खात्रीच पटली. मालक स्वतः आले म्हणजे काढायच्या माणसांची यादी तयार झाली.

शुक्रवारी सकाळी प्रमोदिनीताई दार न वाजवता आत आल्या. बावीस वर्षं माल पाठवायचं काम त्यांच्याकडे. कुठल्या दुकानदाराला कुठली रिंग, कुठल्या ट्रान्सपोर्टवाल्याशी गोड बोलायचं आणि कुणाला झापायचं, सगळं त्यांच्या डोक्यात. कागदावर त्यातलं काही नाही. सलिल चहा सांगायला उठला. त्यांनी हातानेच नको म्हटलं आणि टेबलावर राजीनामा ठेवला.

"तुम्ही सांगण्याआधी मीच जाते. अण्णा निदान छताकडे बघायचे. तुम्ही तर लिहून घेता."

काय अण्णा, कसलं छत, सलिलला काही कळेना. त्यांनी दोन वाक्यांत समजावलं. क्षिप्रा मॅडमचे दहा आकडे त्याच्या डोक्यातून साफ उडाले.

"ताई, मी कुणालाच काढत नाहीये. उलट तुमच्यातलं एक जरी कुणी गेलं ना, तर सुधीरसाहेब मलाच घालवतायत. परत जळगाव."

प्रमोदिनीताईंनी खुर्ची ओढली, बसल्या आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. ती शांतता सलिलला सोसवेना. मग तो बोलतच सुटला. की त्याला यातलं ओ की ठो कळत नाही, ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन आला की तो बाथरूममध्ये जाऊन उभा राहतो, दोन आकारांच्या रिंगा समोर ठेवल्या तर दहा वर्षं विकूनही त्याला फरक सांगता येत नाही, आणि लेक आता कुठे त्याच्याकडे यायला लागलीये.

"हे पहिल्या दिवशी सांगितलं असतंत, तर आम्ही शिकवलं असतं," त्या म्हणाल्या. "एवढा चहा कशाला पाजायचा?"

"आता शिकवाल?"

"सोमवारी साडेआठला माझ्या टेबलाशी या. वही आणा. तीन महिने इथून कुणी जाणार नाही, बाकीच्यांना मी सांगते."

सलिलचे डोळे भरून आले. त्याने राजीनामा उचलला आणि फाडायला घेतला. ताईंनी तो त्याच्या हातातून अलगद काढून घेतला, त्याचंच पेन मागितलं, वरची तारीख खोडून तीन महिन्यांनंतरची घातली आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

"तोवर तुमचं काम कसं होतंय ते बघू," त्या म्हणाल्या आणि कामाला गेल्या.